आस्याने कुणाला निवडलं? तुर्की सिनेमातलं प्रेम आणि कष्ट

रस्त्याच्या कडेला एक बाई उभी आहे. डोक्याला लाल रुमाल बांधलाय. एका बाजूला ट्रक ड्रायव्हर इल्यास: देखणा, तापट, आणि अजूनही तिच्यावर जीव असलेला. त्याच्यासाठी ती घर सोडून पळाली होती, तिच्या मुलाचा बापही तोच. दुसऱ्या बाजूला जेमशित, वयाने मोठा आणि अबोल. इल्यास दुसऱ्या बाईच्या नादी लागला तेव्हा तान्हं पोर घेऊन ती बाहेर पडली, आणि जेमशितने तिला आसरा दिला. पोराला त्याने वाढवलं, चालायला शिकवलं. आता इतक्या वर्षांनी इल्यास परत आलाय. पोरगा धावतो तो जेमशितकडे, ‘बाबा’ म्हणत. आणि बाई मनाशी विचारते, प्रेम म्हणजे काय होतं? तिचं तिलाच उत्तर मिळतं: प्रेम म्हणजे ‘एमेक’ होतं.

हा ‘सेल्वी बोयलुम, आल याझमालम’ या सिनेमाचा शेवट. नावाचा अर्थ साधारण ‘सुरूच्या झाडासारखी उंच, लाल रुमालवाली माझी’. दिग्दर्शक आतफ यिलमाझ, नायिका आस्याच्या भूमिकेत त्युर्कान शोराय, इल्यास झालेला कादिर इनानर, जेमशित झालेला आहमेत मेकिन. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेला हा सिनेमा तुर्कस्तानात आजही घराघरात पाहिला जातो. शेवटचा तो प्रश्न आणि त्याचं उत्तर तिथे लहान पोरांनाही पाठ असतं.

‘एमेक’ म्हणजे कष्ट. पण शब्द तेवढ्यावर थांबत नाही. आईने मुलासाठी खाल्लेल्या खस्ता म्हणजे एमेक, शेतात राबणं म्हणजे एमेक. कामगार म्हणजे ‘एमेकची’, निवृत्त माणूस ‘एमेकली’. वर्षानुवर्षं इमानाने खपलेल्या जुन्या नोकराला ‘एमेकतार’ म्हणतात, आणि त्यातला शेवटचा ‘तार’ म्हणजे आपल्या किल्लेदार-दुकानदारमधला फारसी ‘दार’च. 1 मेच्या कामगार मोर्चात घोषणेतून येणारा शब्द आणि प्रेमकथेच्या शेवटी येणारा शब्द एकच आहे. तुर्की सिनेमा समजून घ्यायचा तर मी इथूनच सुरुवात करेन.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे मोबाइलवर तुर्की मालिका आणि सिनेमे पाहणारे खूप वाढले. लॉकडाऊनमध्ये ‘सात नंबरच्या कोठडीतला चमत्कार’ पाहून रडली नाही अशी माणसं माझ्या नात्यात तरी सापडणार नाहीत. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न असा: यांच्या सगळ्याच गोष्टींत एवढं दुःख का? सगळेच गरीब, सगळेच तुरुंगात, आणि प्रेमात पडलेली दोन माणसं कधी सुखाने एकत्र नांदत का नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र पडद्याबाहेर शोधावं लागतं: जमिनीत, कायद्यात, आगगाडीच्या स्टेशनात.

आधी धंद्याचं गणित. इस्तंबूलच्या बेयोलू भागात ‘येशिलचाम’ नावाची एक गल्ली आहे. शब्दशः ‘हिरवा पाइन’. निर्मात्यांची ऑफिसं त्या भागात होती म्हणून सगळ्या चित्रपटसृष्टीलाच ते नाव पडलं. 1972 साली इथून जवळपास 300 सिनेमे बाहेर पडले. एवढ्या सिनेमांना पैसा कोण देत होतं? बँका नाहीत, सरकारही नाही. देश वितरणाच्या विभागांत वाटलेला होता: अदाना, इझमिर, सामसुन वगैरे. प्रत्येक विभागाचा वितरक निर्मात्याला आगाऊ रकमेच्या हुंड्या लिहून द्यायचा आणि सोबत अट घालायचा, की आमच्या भागात अमुक नटी चालते, तमुक प्रकारची गोष्ट चालते, तशीच आणा. वितरकाचे कान असायचे थेट प्रेक्षकांकडे. बायकांसाठी दुपारचे वेगळे खेळ असायचे, आणि उन्हाळ्यात उघड्या अंगणातली थिएटरं भरायची. लाकडी खुर्च्या, सूर्यफुलाच्या बिया, सोड्याच्या बाटल्या, मांडीवर झोपलेली पोरं.

म्हणजे या गोष्टी वरून कुणी लादल्या नव्हत्या. कापूस वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, नुकत्या शहरात आलेल्या बायकांनी तिकीट काढून त्या मागून घेतल्या होत्या. गरीब मुलगा आणि श्रीमंत मुलगी, आंधळी फुलवाली, क्षयाने झिजणारी नायिका. क्षयाला तुर्कीत ‘बारीक आजार’ म्हणत, कारण माणूस त्यात बारीक होत जातो. या कथांना भडक म्हणून नाक मुरडणारे समीक्षक तेव्हाही होते. मला ते पटत नाही. ज्या बाईला दिवसभर कुणी ‘तू दमलीस का’ असं विचारत नाही, तिने अंधारात बसून दुसऱ्या बाईच्या दुःखावर मोकळेपणाने रडावं, यात हलकं काहीच नाही.

आपला एक सिनेमाही या सगळ्यात मिसळला होता. राज कपूरचा ‘आवारा’ 1955 मध्ये तुर्कस्तानात लागला आणि तुफान चालला. ‘आवारामू’ म्हणत लोक ते गाणं गुणगुणायचे, आणि पुढे त्याची तुर्की आवृत्तीही निघाली. न्यायाधीश बाप, झोपडपट्टीत वाढलेला मुलगा, रक्त मोठं की परिस्थिती हा वाद... तुर्की प्रेक्षकांना यातलं काही परकं वाटलं नाही.

याच चौकटीत राहून काही जणांनी फार खोल सिनेमे केले. मेतिन एर्कसान हा त्यांतला एक. त्याचा ‘सुसुझ याझ’, म्हणजे बिनपाण्याचा उन्हाळा, 1964 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार जिंकून आला. तुर्की सिनेमाला इतका मोठा आंतरराष्ट्रीय मान पहिल्यांदाच मिळत होता. गोष्ट इझमिरजवळच्या एका गावातली. उस्मान नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत झरा आहे. उन्हाळा आला की तो ठरवतो, झरा माझ्या रानात, म्हणजे पाणी माझं. बांध घालतो, आणि खालच्या शेतांना पाणी जाईनासं होतं. धाकटा भाऊ हसन त्याला विनवतो, ऐकत नाही. भांडण पेटतं, एक माणूस मरतो, आणि गुन्हा उस्मानचा असताना तुरुंगात जातो हसन, कारण मोठ्या भावाने तशी गळ घातलेली असते. हसनची नवी नवरी बहार घरात एकटी उरते. मग उस्मान तिला सांगतो, हसन मेला.

ज्याला पाणी स्वतःचं वाटतं त्याला भावाची बायकोही स्वतःचीच वाटते. एर्कसान हे कुणाच्या तोंडून वदवत नाही. बांधावर उभा असलेला उस्मान आणि दाराच्या फटीतून पाहणारा उस्मान, दोघांची नजर तो एकसारखी दाखवतो. एरोल ताशने हा उस्मान असा केलाय की त्याची भीती वाटते आणि कीवही येते. शेवटी मारामारी त्याच पाण्यात होते. पाटाच्या पाण्याची पाळी, बांधावरचं भांडण, ‘हक्क’ या शब्दावरून फुटलेली डोकी, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला या सिनेमाला सबटायटल लागणार नाहीत. हक्कला तुर्कीतही ‘हाक’च म्हणतात, आणि जुलूमला ‘झुलूम’.

आता गाव सोडून शहराकडे यायला हवं, कारण तुर्की सिनेमातलं निम्मं दुःख या प्रवासातून आलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मदतीने तुर्कस्तानात ट्रॅक्टर आले. 1948 मध्ये दोन हजारांच्या आत असलेली त्यांची संख्या 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 40 हजारांवर गेली. ट्रॅक्टर आला आणि बटाईने शेती करणाऱ्याची गरज संपली. माणसं निघाली. 1950 च्या सुमारास इस्तंबूलची वस्ती होती दहा लाखांच्या आसपास. आज ती दीड कोटीच्या वर आहे.

घराबाहेर, परमुलखात असण्याला तुर्कीत ‘गुर्बेत’ म्हणतात. आपला ‘गरीब’ शब्द त्याच अरबी धातूतून आलेला आहे. मुळात गरीब म्हणजे परका, घरापासून तुटलेला माणूस. तुर्कीत ‘गारिप’ अजून त्याच अर्थाजवळ आहे: एकाकी, केविलवाणा, कुणाचं कुणी नसलेला. आपल्याकडे येता येता त्याच शब्दाचा अर्थ ‘पैसे नसलेला’ असा झाला. ज्याचं गाव सुटलं तो कंगाल झाला, ही सगळी कहाणी एका शब्दाच्या प्रवासात दिसते. तुर्की सिनेमा हे दोन्ही अर्थ एकदम दाखवतो. 1964 चा हालित रेफी यांचा ‘गुर्बेत कुशलारी’, म्हणजे परमुलखातले पक्षी, सुरू होतो तो हायदरपाशा स्टेशनवर. अनातोलियातून, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाकडच्या मुलखातून येणाऱ्या गाड्या तेव्हा इथे संपत. पायऱ्या उतरल्या की समोर समुद्र, आणि पलीकडे मिनारांचं इस्तंबूल. मराशहून आलेलं एक कुटुंब या पायऱ्यांवर उभं राहून शहर जिंकायची स्वप्नं पाहतं. त्यानंतर कितीतरी सिनेमांत या पायऱ्या आल्या. तुर्की प्रेक्षकाला त्या नुसत्या दिसल्या तरी पुढचं कळतं.

ही माणसं राहिली कुठे? सरकारी जागेवर एका रात्रीत चार भिंती आणि छप्पर उभं करायचं. सकाळी लोक राहताना दिसले की घर पाडणं अवघड होई. अशा घराला नाव पडलं ‘गेजेकोंदू’. गेजे म्हणजे रात्र. ‘कोंदू’ हे क्रियापद पाखरू फांदीवर येऊन बसतं त्यासाठी वापरतात. रात्रीत येऊन बसलेलं घर! सिनेमाच्या नावातले पक्षी आणि वस्तीच्या नावातलं पाखरू एकाच ठिकाणाहून आलेत.

या स्थलांतरावरचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा सिनेमा म्हणजे ल्युत्फी आकाद यांचा ‘गेलिन’, 1973 चा. गेलिन म्हणजे नवरी, आणि सूनसुद्धा. योझगातहून मेरयेम नवऱ्यासोबत आणि लहानग्या उस्मानसोबत इस्तंबूलला येते. सासरे हाजी इल्यास यांनी गावची जमीन विकून किराणा दुकान टाकलंय. सगळं घर दुकानाभोवती फिरतं. आता मोठ्या वस्तीत दुसरं दुकान घ्यायचंय, पै न पै त्यासाठी बाजूला पडतेय. इकडे उस्मानला दम लागतो. डॉक्टर सांगतात, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. घरात पैसे आहेत. पण ते दुकानाचे आहेत.

सासरे राक्षस असते तर गोष्ट सोपी झाली असती. ते तसे नाहीत. नमाज पढणारा, कष्टाळू, घर वर काढायला निघालेला माणूस आहे. त्यांना मनापासून वाटतं की पोरं आजारी पडतात आणि बरी होतात, दुकान मात्र एकदा हातचं गेलं की गेलं. आकाद कॅमेरा शांत ठेवतात. जेवायला सगळे गोल बसलेत, पैशाचा हिशेब चाललाय, आणि बोलायची मुभा नसलेली मेरयेम तिथेच आहे. ह्यूल्या कोचयीतचा चेहरा या प्रसंगांत जे सांगतो ते संवादात मावलं नसतं. मग बकरी ईद येते. घरात कुर्बानीची गडबड, आणि त्याच दिवशी उस्मान मरतो.

बळी कुणाचा गेला हे तुर्की प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. देवासाठी स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या इब्राहिमची कथा त्याला लहानपणापासून ठाऊक असते. त्या कथेत शेवटच्या क्षणी मुलाच्या जागी मेंढा येतो. इथे आला नाही.

मेरयेम घर सोडते आणि कारखान्यात कामाला लागते. त्या घराच्या लेखी ही इभ्रतीची गोष्ट. वेलीला, तिच्या नवऱ्याला, तिचा जीव घ्यायला पाठवलं जातं. तो कारखान्यापर्यंत जातो, तिच्यासमोर उभा राहतो, आणि मारायच्या ऐवजी तिच्यासोबत कामाला राहायचं ठरवतो. सिनेमा तिथे संपतो. ना मिठी, ना गाणं. दोन माणसं एका पाळीला कामावर जाणार, एवढंच. तरी माझ्या लेखी ही तुर्की सिनेमातली सगळ्यात मोठी प्रेमकथा आहे. इथे पुन्हा तेच ‘एमेक’.

हे दृश्य किती धाडसाचं होतं ते कळायला एक कायदा माहीत हवा. तुर्कस्तानच्या 1926 च्या नागरी कायद्याने बायकांना खूप काही दिलं. बहुपत्नीत्व गेलं, घटस्फोटाचा आणि वारशाचा हक्क आला. पण त्याच कायद्यात एक कलम होतं: बायकोला घराबाहेर काम करायचं तर नवऱ्याची परवानगी लागेल. घटना न्यायालयाने ते कलम रद्द केलं 1990 मध्ये. म्हणजे 1973 ची मेरयेम कारखान्यात शिरते तेव्हा ती सासऱ्यांच्या आणि कायद्याच्या, दोघांच्याही विरोधात पाऊल टाकत असते.

सासऱ्यांचं दुकान आणि सुनेची कारखान्यातली पाळी हा एक रस्ता झाला. ज्याच्याकडे दुकानही नाही आणि पाळीही नाही त्याचं काय? तिथे यिलमाझ ग्युनेय येतो. अदानाकडचा, कुर्द या अल्पसंख्य समाजातल्या कुटुंबातला, आधी मारधाडीच्या सिनेमांतला लाडका नट. लोक त्याला ‘कुरूप राजा’ म्हणत, कारण तोवरचे नायक गुळगुळीत चेहऱ्याचे असत. 1970 मध्ये त्याने ‘उमुत’ म्हणजे ‘आशा’ केला. जब्बार नावाचा टांगेवाला, म्हातारे घोडे, घरी बायको-पोरं, उधारी. एक मोटार त्याच्या घोड्याला उडवते, आणि पोलीस ठाण्यात दोषी ठरतो तोच. लॉटरीची तिकिटं झाली, कर्ज झालं, आता शेवटी एका बुवाच्या नादाने नदीकाठी गुप्तधन खणणं. शेवटच्या दृश्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेला जब्बार त्या खड्ड्याच्या काठी गोल गोल फिरत राहतो. फिरतच राहतो. सेन्सॉरने सिनेमा अडवला. 1939 च्या नियमावलीनुसार पटकथा आधी समितीपुढे ठेवावी लागे आणि सिनेमा झाल्यावर तोही. गरिबी दाखवणं म्हणजे देशाची बदनामी, असं मानणारी माणसं त्या समितीत बसलेली असत.

ग्युनेयला संत करू नये. 1974 मध्ये त्याच्या हातून एका न्यायाधीशाचा खून झाला आणि त्यासाठी त्याला शिक्षा झाली. बायकांशीही तो हिंसक वागल्याचं तिथे उघडपणे बोललं जातं. मी त्याचे सिनेमे पाहते तेव्हा हे विसरून पाहत नाही. पण तुरुंगात बसून त्याने जे लिहिलं ते नाकारताही येत नाही. ‘योल’ म्हणजे ‘रस्ता’ त्याने कोठडीत लिहिला आणि त्याच्या सूचनांवरून शेरीफ ग्योरेनने तो बाहेर चित्रित केला. 1981 मध्ये ग्युनेय तुरुंगातून निसटला, आणि स्वित्झर्लंडमध्ये संकलन पुरं केलं. 1982 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘योल’ला मिळाला, ग्रीक-फ्रेंच दिग्दर्शक कोस्ता गाव्रास यांच्या सिनेमासोबत विभागून. हे नाव लक्षात ठेवा.

‘योल’मध्ये पाच कैद्यांना आठवड्याची रजा मिळते. त्यांतला सेयित अली घरी पोचतो तेव्हा त्याची बायको झिने गोठ्यात साखळीने बांधलेली असते. ती वेश्यावस्तीत सापडली म्हणून घरच्यांनी तिला महिनोनमहिने तसं ठेवलंय. मारायचं काम नवऱ्याचं. तो मारत नाही. अशक्त झालेल्या तिला आणि मुलाला घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडायला निघतो, म्हणजे जे व्हायचं ते बर्फच करेल. आणि मग ती खरंच कोसळते तेव्हा त्याचा धीर सुटतो. ती झोपली तर गोठेल, म्हणून तो तिला जागं ठेवायला पट्ट्याने मारू लागतो. जीव घ्यायला निघालेला हात जीव वाचवायला मारतोय. ती वाचत नाही. हा सिनेमा तुर्कस्तानात 1999 पर्यंत दाखवता आला नाही. ग्युनेय 1984 मध्येच पॅरिसला कर्करोगाने गेला, परतलाच नाही.

मध्ये 12 सप्टेंबर 1980 होऊन गेला होता. त्या पहाटे लष्कराने सत्ता घेतली. साडेसहा लाख लोकांना ताब्यात घेतलं गेलं, पक्ष आणि कामगार संघटना बंद झाल्या, 937 सिनेमे आक्षेपार्ह ठरवले गेले. आज आपण पाहतो त्या तुर्की सिनेमांत तुरुंग आणि तुटलेलं कुटुंब पुन्हा पुन्हा येतं ते यामुळे. ‘सात नंबरची कोठडी’ मुळात कोरियन सिनेमाची तुर्की आवृत्ती आहे, पण तुर्कांनी ती 1983 च्या लष्करी राजवटीत नेऊन ठेवली. तसं केल्याबरोबर भोळ्या बापावरचा अन्याय एका माणसाचा राहत नाही. शेवटही त्यांनी बदलला. ज्याने पाहिलाय त्याला कळेल, नसेल पाहिला त्याला मी सांगणार नाही.

या काळावरचा सगळ्यांत लाडका सिनेमा म्हणजे चान इरमाक यांचा 2005 चा ‘बाबाम वे ओलुम’, अर्थात ‘माझा बाप आणि माझा मुलगा’. सत्तापालटाच्या त्या रात्री सादिकची बायको बाळंतवेणांत असते. रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी मिळत नाही. मूल जन्मतं, आई जाते. सादिक पुढे तुरुंगात जातो, छळ सोसतो, आणि काही वर्षांनी पोखरलेलं शरीर घेऊन, मुलाचं बोट धरून, एजियन किनाऱ्याकडच्या गावी बापाच्या मळ्यावर परततो. बापाने त्याला शेतकीचं शिकायला पाठवलं होतं, तो राजकारणात पडला म्हणून तोंड फिरवलं होतं. आता सादिकला स्वतःसाठी काही नकोय, मुलासाठी घर हवंय. बाप झालेले चेतिन तेकिंदोर बराच वेळ घुम्यासारखे बसून राहतात, आणि त्यांचा बांध फुटतो तेव्हा प्रेक्षकाचाही फुटतो. राजकारण म्हणजे कुठेतरी लांब चाललेलं काहीतरी, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा सिनेमा दाखवते. त्या रात्री एक टॅक्सी मिळाली नाही, आणि त्यातून तीन पिढ्यांचं काय झालं ते बघा.

भाषेचीही एक जखम आहे. कुर्द भाषेवर तुर्कस्तानात 1991 पर्यंत कायद्याने बंदी होती. हान्दान इपेकची यांच्या 2001 च्या सिनेमात एका निवृत्त न्यायाधीशाच्या दाराशी पाच वर्षांची मुलगी येते. शेजारच्या घरात पोलिसांच्या गोळीबारात तिची माणसं गेलीत. तिला फक्त कुर्द येतं. म्हाताऱ्याला ती भाषा घरात नको. हळूहळू तोच तिच्यासाठी कुर्द शब्द शिकायला लागतो. मुलीचं नाव हेजार. कुर्दमध्ये त्याचा अर्थ गरीब, दीनवाणी. सरकारी पैशातून झालेल्या या सिनेमावर पुढच्याच वर्षी पोलिसांच्या तक्रारीवरून बंदी आली.

1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी वितरक थेट शिरले, टीव्हीने आधीच घरं व्यापली होती, आणि येशिलचाम जवळजवळ संपलं. 1996 मध्ये ‘एश्किया’ आला तेव्हा 25 लाखांहून जास्त लोक पुन्हा थिएटरात गेले. 35 वर्षं तुरुंगात काढलेला डाकू बाहेर येतो तर त्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली! मग तो आपल्या जुन्या प्रेमाला शोधत इस्तंबूलला पोचतो. पाणी, तुरुंग, परमुलूख आणि प्रेम, सगळं एकाच सिनेमात परत आलं होतं.

नुरी बिल्गे जेलान यांच्याबद्दल लोक म्हणतात, फार संथ. थोडा धीर धरा. 2002 च्या ‘उझाक’मध्ये, म्हणजे ‘दूर’मध्ये, गावचा कारखाना बंद पडला म्हणून युसुफ इस्तंबूलला नातेवाईक महमुतकडे येतो. जहाजावर काम मिळेल या आशेने धक्क्यावर फिरतो. महमुत फोटोग्राफर आहे, एकेकाळी तोही असाच रिकाम्या हाताने आलेला. पण आता त्याला युसुफच्या बुटांचा वास सहन होत नाही. युसुफ स्वस्तातली सिगारेट पुढे करतो, तो नाकारतो. शेवटी एक दिवस युसुफ न सांगता निघून जातो, पाकीट मागे राहतं. महमुत समुद्रकाठच्या बाकावर बसतो, त्या पाकिटातली एक सिगारेट काढतो आणि ओढतो. हायदरपाशाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या माणसांची पुढची पिढी ही. शहर मिळालं, माणूस गेला. जेलान यांनी हा सिनेमा स्वतःच्या घरात चित्रित केला, युसुफ झाला त्यांचा नात्यातला भाऊ, मेहमेत एमिन तोपराक. कानमध्ये दोघा नटांना अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला, तोवर तोपराक अपघातात गेलेला होता.

कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं तर मी सांगते: घरच्यांबरोबर ‘बाबाम वे ओलुम’, मग लाल रुमालवाली आस्या, आणि एका निवांत रविवारी एकटीने ‘गेलिन’. 2022 चा एमिन आल्पेर यांचा ‘कुराक ग्युनलेर’ पाहाल तेव्हा आधी ‘सुसुझ याझ’ पाहिलेला असू द्या. गावात पाणी नाही, जमिनीला भगदाडं पडतायत, आणि नवा सरकारी वकील खरं शोधायला निघालाय. साठ वर्षांनी पुन्हा पाणीच. या सिनेमाला दिलेला निधी सांस्कृतिक मंत्रालयाने व्याजासह परत मागितला.

येशिलचाम गल्लीतच एक थिएटर होतं, 1924 मध्ये ‘मेलेक’ म्हणजे देवदूत या नावाने सुरू झालेलं. पुढे त्याचं नाव बदललं आणि झालं ‘एमेक’. सोनेरी नक्षीचं छत, लाल खुर्च्या, पिढ्यानपिढ्या तिथे रडलेली माणसं. 2013 च्या एप्रिलमध्ये मॉलसाठी ते पाडायची वेळ आली तेव्हा दिग्दर्शक, नट, विद्यार्थी, म्हातारे प्रेक्षक गल्लीत जमले. पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडला. महोत्सवासाठी आलेले ऐंशीचे कोस्ता गाव्रास त्या गर्दीत उभे होते, एकतीस वर्षांपूर्वी ‘योल’सोबत पुरस्कार वाटून घेतलेले. थिएटर वाचलं नाही. सातेक आठवड्यांत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गेझी बागेतली झाडं तोडू नयेत म्हणून लोक ठिय्या देऊन बसले, आणि त्यांतले कितीतरी चेहरे एमेकसमोर उभे राहिलेलेच होते. आता तिथे मॉल आहे. छतावरची जुनी नक्षी उतरवून वरच्या मजल्यावरच्या नव्या हॉलमध्ये बसवलीय, आणि सरकत्या जिन्याने वर गेलं की दारावर अजून तेच नाव दिसतं: एमेक.